आतड्याची माया

मी मराठीचा प्राध्यापक. आतड्याशी माझा संबंध वाक्प्रचारांपुरता. 'आतडे तुटणे', 'आतडे पिळवटणे', 'आतड्याचे माणूस' यांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करून घेण्यात माझी अठरा वर्षे गेली. एकदा वर्गात मी म्हणालो होतो, "इंग्रज माणसाने प्रेमाची जागा हृदयात ठेवली, आपण ती आतड्यात ठेवली. आपले पूर्वज बहुधा खानावळीत जेवत असावेत!" मुले हसली. आपल्या विनोदावर आपणही थोडे हसावे, अशी प्राध्यापकांत पद्धत आहे. तसा मीही हसलो.

पुढे वर्षाच्या आतच एका डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून मी माझ्या मुलाच्या आतड्याचे छायाचित्र पाहत होतो. तेव्हा त्या विनोदाची आठवण झाली आणि मान वर करवेना.

आमचे चिरंजीव तीन वर्षांचे होईपर्यंत चांगले गुटगुटीत होते. मग काय झाले कोण जाणे, खाल्लेले त्याच्या अंगी लागेनासे झाले. पोट नगाऱ्यासारखे आणि हातपाय मात्र काटक्या. शौचाला दिवसातून चार-चार वेळा. शाळेतून आला की दप्तरासकट कोचावर आडवा होई. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर दिवाळीला पेन्सिलीने त्याची उंची मांडायची आमच्या घरची रीत. पाचव्या आणि सहाव्या वर्षीच्या रेघा इतक्या जवळ आल्या, की दुरून एकच जाड रेघ वाटे.

उपाय चालू होतेच. कुणी जंतांचे औषध दिले, कुणी टॉनिक दिले. एकाने "हल्लीची मुले नाजूकच" असे सांगून आम्हांला परत पाठवले. आईने तर पहिल्याच महिन्यात निदान केले होते, "ही संग्रहणी आहे रे." सुशिक्षित मुलाने अशिक्षित आईकडे ज्या नजरेने पाहावे, त्या नजरेने मी तिच्याकडे पाहिले.

आणि माझा स्वतःचा उपाय होता शिस्तीचा. ताटात काही टाकायचे नाही! चिरंजीव भात मुकाट खात. पोळी दिसली की तोंड फिरवीत. मी समोर खुर्ची टाकून बसे आणि शेवटचा घास पोटात जाईपर्यंत उठत नसे. एकदा सौ.ने खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीमागून पोळीचे वाळलेले तुकडे काढले. सात-आठ होते. त्या रात्री मी त्याला मारले. फार नाही, एकच चापट. पण एकच होती हे मला आजही सांगावेसे वाटते, यातच काय ते आले.

अखेर एका डॉक्टरांनी रक्त तपासले. मग घशातून दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे चिमटीपेक्षाही लहान तुकडे काढले आणि सूक्ष्मदर्शकाखालची दोन छायाचित्रे आमच्यापुढे ठेवली. एक निरोगी आतड्याचे, दुसरे आमच्या मुलाचे.

लहान आतडे ही मोठ्या माणसात सुमारे सहा मीटर लांबीची नळी. तिचा पहिला वीतभर भाग म्हणजे आद्यांत्र. बारा बोटे रुंदीइतके लांब, म्हणून लॅटिनमध्ये त्याला बारावरूनच नाव पडले. आपल्याकडे तो 'ग्रहणी'. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीच्या विकारांवर एक अख्खा अध्याय आहे. म्हणजे आईचा शब्द अगदीच अडाणी नव्हता.

आतून ही नळी गुळगुळीत नसते. तिच्यावर मखमलीसारखी लव असते. एकेक केस जेमतेम अर्ध्या ते एक मिलिमीटर उंचीचा. ह्यांना 'रसांकुर' असा एक शब्द आहे. इतका सुंदर पारिभाषिक शब्द मी क्वचितच पाहिला आहे. अन्नातला रस शोषून रक्तात पाठवायचे काम हे अंकुर करतात. अंकुर आणि त्यांच्यावरचे त्याहूनही बारीक केस धरून आतड्याचे आतले क्षेत्र टेनिसच्या मैदानाएवढे असते, असे पुस्तके सांगत. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी नव्याने मोजमाप केले आणि ते अर्ध्या बॅडमिंटनच्या मैदानावर आणले. ज्या खेळाला एके काळी इंग्रज 'पूना' म्हणत, त्या खेळाचे मैदान निघाल्याने मला उगीचच बरे वाटले.

पण खरी गंमत अंकुरांत नाही. त्यांच्या पायथ्याशी आहे. तिथे सूक्ष्म विहिरींसारख्या ग्रंथी असतात. बर्लिनचा योहान लीबरक्यून हा सूक्ष्मदर्शके बनवण्यात मोठा वाकबगार वैद्य. त्याने १७४५ मध्ये आतड्याच्या अंकुरांवरच्या पुस्तकात त्यांचे वर्णन केले आणि त्या त्याच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्याच्याही आधी, १६८७ मध्ये, ब्रुनर नावाच्या स्विस वैद्याने आद्यांत्रातल्या वेगळ्या ग्रंथी दाखवल्या होत्या. जठरातून आलेल्या जहाल आम्लाने आतडे भाजू नये म्हणून त्या क्षारयुक्त बुळबुळीत लेप पाझरतात. सासरहून तणतणत आलेल्या पाहुण्याला दारातच गूळपाणी द्यावे, तसा प्रकार.

लीबरक्यूनच्या ग्रंथी मात्र घरातल्या मोठ्या सुनेसारख्या. सगळे त्यांनीच करायचे. दिवसाकाठी दीड-दोन लिटर पातळ रस त्या पाझरतात. त्यात अन्न कालवले जाते आणि तो रस अंकुर पुन्हा शोषून घेतात. त्यांच्या तळाशी पानेट नावाच्या व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये वर्णिलेल्या पेशी बसलेल्या असतात आणि त्या जंतुनाशक द्रव्ये सोडतात. हा पानेट पुढे दोनच वर्षांत, ऐन तिशीत वारला. त्याच्या पेशी अजून तुमच्या-माझ्या पोटात पहारा करीत आहेत.

पण ह्या ग्रंथींचे सर्वांत मोठे काम निराळेच आहे. त्यांच्या तळाशी मूळ पेशी सतत दुभंगत असतात. नव्या पेशी आषाढीच्या वाटेवरल्या दिंडीसारख्या एकामागे एक वर सरकतात, अंकुरावर चढतात, रस शोषायचे काम करतात आणि तीन ते पाच दिवसांत शेंड्याला पोचून गळून पडतात. मागून दुसऱ्या येतातच. म्हणजे आतड्याचे अस्तर आठवडाभरही जुने नसते. मागल्या गुरुवारी ज्या अस्तराने जेवण पचवले, ते आज आपल्यात नसते.

हे सारे मला मागाहून वाचून कळले. त्या दिवशी मला दिसली ती फक्त दोन चित्रे. पहिल्यात भाताच्या खाचरासारखे डोलणारे अंकुर. दुसऱ्यात अंकुर नव्हतेच. कापणी झालेल्या शेतासारखी सपाट जमीन.

"गहू," डॉक्टर म्हणाले. "गव्हात ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. जवात आणि राय नावाच्या धान्यातही असते. काही जणांच्या अंगी जन्मतःच अशी प्रवृत्ती असते, की त्यांचे शरीर ह्या ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःचेच अस्तर उद्ध्वस्त करते. ह्या रोगाला सीलिअॅक म्हणतात."

मग पेनाचे टोक त्यांनी चित्राच्या खालच्या भागावर ठेवले. "ह्या ग्रंथी बघा. नेहमीपेक्षा किती खोल आणि लांब झाल्यात! वरचे सारे पडत असते, तशा ह्या खालून दुप्पट जोराने नव्या पेशी घडवत राहतात. पण रोज पोळी पोटात जाते. ह्या तरी किती पुऱ्या पडणार?"

मी काही बोललो नाही. दप्तरासकट कोचावर आडव्या पडलेल्या ज्या मुलाला मी आळशी म्हणत होतो, त्याच्या पोटात तीन वर्षे रात्रंदिवस बांधकाम चालले होते. आणि रोज संध्याकाळी त्याचा बाप खुर्ची टाकून बसून ते पाडत होता. कुंडीमागे तुकडे लपवणाऱ्या पोराला जे कळले होते, ते एम. ए. झालेल्या बापाला कळले नाही.

गव्हाचा हा गुन्हा प्रथम उघडकीला आणला तो डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला संशय आधीपासून होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. माणसे भुकेने मरत होती, तेव्हा ह्या रोगाची मुले मात्र सुधारताना त्याला दिसली. पाव पुन्हा आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला. दुष्काळाने मुले जगावीत, हे वाचून मन कसेसेच होते.

दुष्काळ म्हटला की आमच्या घरी आईचा विषय निघतो. आई सोलापूरकडची. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. रेशनवर मिळणारा लाल मिलो आणि त्याच्या न जुळणाऱ्या भाकऱ्या ती अजून विसरलेली नाही. तिच्या माहेरी गव्हाची पोळी सणाला किंवा जावई आला तरच. मला नोकरी लागली त्या दिवशी तिने पोळ्या केल्या आणि म्हणाली, "आता आपल्या घरी रोज पोळी." त्या वाक्यात तिचे सारे आयुष्य होते.

अशा बाईला मी सांगितले, की नातवाला गहू वर्ज्य. जन्मभर!

"म्हणजे माझा नातू भाकरी खाणार?" ती म्हणाली. "अरे, त्यासाठी का तुला शिकवलं?"

आठ दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. पुष्कळ समजावले. माझ्या व्याख्यानांचा विद्यार्थ्यांवर होतो तितकाच परिणाम तिच्यावर झाला. नवव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून थप-थप आवाज आला. आई परातीत ज्वारीची भाकरी थापत होती आणि चिरंजीव समोर बसून भाकरी कशी फुगते ते पाहत होते. त्याने दीड भाकरी खाल्ली. कुणी खुर्ची टाकून बसले नव्हते.

महिना-दीड महिना बरा गेला. मग पोट पुन्हा बिघडले. सौ.ने डब्यांवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचली, तेव्हा हिंगाच्या डबीत मैदा निघाला! बांधणीच्या हिंगात तो पुष्कळदा असतो. फोडणीतून रोज चिमूटभर गहू पोटात जात होता. हिंग बंद झाला, तरी दुखणे पुरते थांबेना. डॉक्टर म्हणाले, "नकळत कुठून तरी गहू जातोय." आम्ही दोघे पदवीधर डोके धरून बसलो.

कोडे सोडवले आईने. ज्वारीचा डबा घेऊन गिरणीतून आली आणि डबा दाणकन खाली ठेवला. "ह्याच्या आधी कुणाचं दळलं, ठाऊक आहे? गहू! पांढरं पीठ उडत होतं सगळीकडे. त्याच पाळ्यात आपली ज्वारी!" पुढच्याच आठवड्यात घरगुती गिरणी आली. तिच्यात गव्हाचा दाणा पडणार नाही, अशी आईने शपथ घेतली आहे. शेजारणीने एकदा प्रेमाने पाव किलो गहू दळायला मागितले, तर आईने असे काही पाहिले, की ती बिचारी अजून जिन्यात भेटली की आधी गव्हाचा विषय टाळते.

ग्रंथींनी पुढचे काम केले. पाडणारा थांबला, तसे बांधणाऱ्यांना यश आले. आधी पोट उतरले, मग चिडचिड गेली. सुरुवातीला दूधही सोसत नव्हते. दुधातली साखर पचवणारे द्रव्य अंकुरांवरच असते आणि अंकुरच नव्हते. काही महिन्यांनी दूधही पचू लागले. रोग गेला असे नाही. गहू खाल्ला तर तो परत येईल. पण डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे, गहू टाळला तर हा मुलगा चारचौघांसारखा वाढेल. तो आता नऊ वर्षांचा आहे. चौकटीवरची गेल्या दिवाळीची रेघ आधीच्या रेघेपासून चांगली चार बोटे वर आहे.

यंदाही फराळाची तयारी दोन कढयांत आहे. नातवाची कढई, झारा, डबे निराळे, वरच्या फळीवर. बेसनाचे लाडू, अनारसे, बिनहिंगाचा चिवडा आणि घरच्या भाजणीच्या चकल्या. शंकरपाळ्यांवर आईचे प्रयोग चालू आहेत. तांदळाच्या पिठाच्या पहिल्या दोन घाण्या तेलात विरघळल्या. तिसरी टिकली, पण ती फोडायला अडकित्ता लागला. आई हरलेली नाही.

परवा रात्री चिरंजीव माझ्याजवळ झोपले होते. ती चापट माझ्या मनातून गेली नव्हती. वडील माणसाने लहानाची क्षमा कशी मागावी, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. शेवटी मी म्हणालो, "लहानपणी मी तुला पोळीसाठी फार रागावलो, रे. मारलंसुद्धा. बाबाचा अपराध पोटात घाल."

इंग्रजी माध्यमातल्या मुलाला एवढे मराठी कुठले समजायला? त्याने थोडा विचार केला.

"पोटात?" तो म्हणाला. "त्यात गहू नाही ना? मग चालेल."

आणि कूस बदलून तो झोपी गेला.