अनंताची फुलं

परवा नातीने टॅबवर 'गॉन विथ द विंड' लावला. जवळजवळ पावणेचार तासांचा सिनेमा, पण बोटाने पुढे ढकलत ढकलत तिने तासाभरात शेवट गाठत आणला होता. जिन्याचा प्रसंग आला तेव्हा मी तिचा हात धरला. म्हटलं, हा एवढा पूर्ण बघ.

मी तो पहिल्यांदा पाहिला कॉलेजात असताना, आत्याबरोबर, मॅटिनीला. आत्याला इंग्रजीचा गंध नव्हता. पण नायिका स्कार्लेटच्या कमरेच्या नाड्या आवळता आवळता तिच्यावर खेकसणारी मॅमी आली आणि आत्या सरसावून बसली. "घर हीच चालवते बघ," म्हणाली. पुढे मालकाची चिमुरडी मुलगी जाते. मॅमी मेलनीला ती हकिगत सांगत जिना चढते, एकेका पायरीवर तिचा आवाज फुटत जातो. तेव्हा आत्याचा पदर डोळ्यांवरून खाली आला नाही.

बाहेर आल्यावर दोघी मॅमीबद्दलच बोलत होतो. ती करणाऱ्या बाईचं नाव मात्र दोघींनाही ठाऊक नव्हतं. हॅटी मॅक्डॅनियल. आणि त्या भूमिकेलाही कथेत स्वतःचं नाव नाही, ती गुलाम बाई आहे, हे तर आमच्या मनालाही शिवलं नाही. आम्हाला ती प्रेमळ दाई वाटली. गुलामीत सुखी असलेली दाई दाखवणं हे खोटं आहे, अशी टीका अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी तेव्हाच केली होती. आज मला ती पटते. जिना आला की रडू मात्र अजून येतं.

हॅटीचे वडील गुलामीत जन्मले आणि यादवी युद्धात उत्तरेकडून लढले. तेरा भावंडांत ही शेंडेफळ. गाणारी मुलगी. १९२९च्या मंदीत काम सुटलं, तेव्हा मिलवॉकीच्या एका क्लबात तिने प्रसाधनगृहातली नोकरी धरली. पुढे त्याच क्लबात गायलीही. १९३१ साली लॉस एंजेलिसला आली. तिथे पडद्यावर बहुतेक वेळा मोलकरीणच, कित्येकदा नामावलीत नावही नाही.

१५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटात 'गॉन विथ द विंड'चा पहिला खेळ मोठ्या थाटात झाला. जॉर्जियातल्या वर्णभेदामुळे हॅटी तिथे नव्हती. अडीच महिन्यांनी, २९ फेब्रुवारी १९४० रोजी, अँबेसेडर हॉटेलात तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. स्पर्धेत त्याच चित्रपटातली मेलनी, ऑलिव्हिया डी हॅविलँडही होती. त्या रात्रीच्या छायाचित्रात हॅटीच्या केसांत पांढरी गार्डेनियाची फुलं आहेत. म्हणजे आपला अनंत. आमच्या न्हाणीमागे त्याचं झाड होतं. सणावाराला आत्या एकच फूल अंबाड्यात खोचायची आणि घरभर वास फिरायचा.

फुलं माळून आलेल्या या बाईला हॉटेलात शिरता यावं म्हणून निर्माता सेल्झनिकला शब्द टाकावा लागला होता. बसायला टेबल दिलं ते सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेला. आता ते हॉटेल उरलेलं नाही. पाडून तिथे सरकारी शाळा बांधली आहे. पोरं दप्तरं घेऊन सरळ आत जातात.

सहायक कलाकारांना तेव्हा पुतळा मिळत नसे, छोटी पाटी मिळायची. हॅटीने ती मृत्युपत्रात हॉवर्ड विद्यापीठाला दिली. तिथून ती पुढे नाहीशी झाली. २०२३ साली अकादमीने नवी पाटी करून पुन्हा विद्यापीठाच्या हाती ठेवली.

१९५२ साली हॅटी गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत जागा मिळावी आणि सोबत अनंताचीच पांढरी फुलं असावीत, असं तिने लिहून ठेवलं होतं. दफनभूमीने गोऱ्यांपुरतीच जागा म्हणून नकार दिला, आणि तिला रोझडेलला पुरलं. पुढे दफनभूमीचा मालक बदलला. त्याने तिला तिथे आणायची तयारी दाखवली, पण घरच्यांना तिची झोप मोडायची नव्हती. म्हणून १९९९ साली तिथे नुसता स्मृतिस्तंभ उभारला.

हे सगळं मी नातीला सांगितलं. अनंत कसा असतो ते तिला माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीत तो नाही. फुलाचं चित्र शोधून तिने बराच वेळ पाहिलं. मग सिनेमा मागे नेला आणि जिना पहिल्या पायरीपासून पुन्हा लावला.