नळीतला पाऊस

लॅपटॉप घरघरू लागला की पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा त्याच्या वयावर. धुळीचं नाव सहसा कुणी घेत नाही. पाठीवरचं झाकण काढलं की ती सापडते. पंखा आणि त्याच्यापुढची पातळ पत्र्यांची जाळी यांच्या मधोमध केस, कापूस, माती यांचा दाबून बसलेला थर असतो आणि चिमट्यानं तो अख्खाच्या अख्खा उचलून येतो. गादीवर लोळून काम करणाऱ्यांच्या मशीनमध्ये तर हमखास.

धूळ काढण्याआधी बॅटरीची पिन काढायची. आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग घालवतं. टचपॅड वर उचललेला दिसला तर मात्र बॅटरी फुगलीय. तिथे हौस नको, ते दुकानाचं काम. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड आहे. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग झाला, तरी जुनी मशीनं बगलेत मारून माणसं अजून लॅमिंग्टनलाच जातात.

मला खरा मोह पडतो तो त्या जाळीपर्यंत येणाऱ्या तांब्याच्या चपट्या नळीचा. दिसते भरीव, पण आतून पोकळ असते. आतली हवा काढून थेंबभर पाणी कोंडलेलं. निर्वातात पाणी उकळायला शंभर अंशांची वाट बघत नाही. प्रोसेसर नुसता तापला तरी त्याची वाफ होते, गार टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत माघारी येते. मोटर नाही, पंप नाही. समुद्र तापावा, ढगांनी सह्याद्रीवर रिकामं व्हावं, कोकणातल्या नद्यांनी पुन्हा समुद्र गाठावा, हा सगळा कारभार वीतभर तांब्यात चाललेला. ही कल्पना अमेरिकेतल्या १९४४ च्या एका पेटंटात नुसतीच पडून होती. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती नव्यानं प्रत्यक्षात आणली, तेव्हा डोळ्यांपुढे अवकाशयानं होती. आज तीच नळी मांडीवर ठेवून आपण वीजबिल भरतो.

ती स्वतः क्वचितच बिघडते. अडचण होते तिच्या दोन टोकांना. एकीकडे धूळ, दुसरीकडे चिप आणि तांबं यांच्यामधली करडी थर्मल पेस्ट. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खळगे असतात, खळग्यांत हवा असते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. पेस्ट ते खळगे भरते. काही वर्षांनी ती वाळते, तिचे पोपडे निघतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावायची, तीही तुरीच्या दाण्याएवढीच. सढळ हात इथे घात करतो. हे केलं नाही तर प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवायला स्वतःच धिमा होतो. आपण त्याला ‘हँग होतंय’ म्हणतो आणि नव्या मशीनच्या किमती बघायला लागतो.

साफसफाईनंतर पुष्कळदा कडेच्या फटीतून आधीपेक्षा गरम झोत येतो. आत अडकलेली ऊब मोकळी होऊन बाहेर पडत असते, पण लोक दचकतात. ‘अहो, आता तर जास्तच तापतंय,’ म्हणत परत आलेल्या माणसाला हे पटवणं पेस्ट बदलण्यापेक्षा अवघड.