गीलानची माणसं

आमच्या टीममध्ये इराणमधल्या रश्तची एक मुलगी आहे. मुलगी म्हणजे माझ्याच वयाची, पस्तिशीतली. टोरंटोच्या ऑफिसात पहिल्यांदा एकत्र जेवलो तेव्हा तिनं डब्यातून भाताच्या तळाचा सोनेरी, कुरकुरीत थर काढून दिला. म्हटलं, आमच्याकडे याला खरवड म्हणतात आणि तिच्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो. तिच्या घरीही हेच भांडण!

मग नेहमीचा प्रश्न, तू कुठला? मी भालकीचा. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. हे परदेशी माणसाला समजावताना माझी दमछाक होते. पण रश्त हे गीलान प्रांताचं मुख्य शहर, असं ती म्हणाली आणि मला शाळेची सहल आठवली. बिदरला मदरशाच्या मिनाराखाली आम्ही चिवडा खात बसलो होतो आणि सर सांगत होते, हा बांधणारा महमूद गवान गीलानहून आला.

तिला सगळं सांगितलं. पंधराव्या शतकाच्या मध्याला, चाळिशी उलटल्यावर, तो व्यापारी म्हणून बिदरला आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये मदरसा बांधला, ग्रंथालय उभं केलं. पण दरबारात स्थानिक दखनी आणि बाहेरून आलेले आफाकी असा उभा दावा होता. विरोधकांनी त्याचा शिक्का असलेल्या कागदावर खोटं पत्र तयार केलं आणि १४८१ मध्ये सुलतानानं सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याचा शिरच्छेद करवला. नंतर त्याच्याकडे मोठं घबाड सापडलंच नाही, असं फिरिश्ता लिहितो.

ती बराच वेळ गप्प होती. मग स्वतःचं सांगितलं. आधी शिक्षणासाठी तुर्कस्तान, मग इथं. पहिली दोन वर्षं रात्री बेकरीत काम, दिवसा कोडिंगचा अभ्यास. वडील गेले तेव्हा कागदपत्रं अडकलेली. अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला, तोही नेट तुटत तुटत. दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

आणि मी! मंडळाच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात हुरड्याच्या आठवणीनं गळा काढणारा. मी दर डिसेंबरला तिकीट काढून गावी जातो. आई विमानतळावर धपाटे घेऊन येते. (हैदराबादपर्यंत, जीप करून. नको म्हटलं तरी.)

गेल्या डिसेंबरात मुद्दाम बिदरला गेलो. संध्याकाळचे पाच, तिच्याकडे पहाटेचे साडेसहा. व्हिडिओ कॉल लावला. १६९६ च्या स्फोटात दर्शनी भाग ढासळला. दोनपैकी एकच मिनार उरलाय, त्यावर निळ्या फरशांचे तुकडे. गवानच्या पत्रांचा संग्रह आहे, ‘रियाज-उल-इन्शा’. त्यात घरच्यांना लिहिलेलीही पत्रं आहेत, हे मी तिला सांगितलं.

"तो परत गेला का कधी?" तिनं विचारलं.

"नाही. इथंच आहे, गावाबाहेर. साधी कबर आहे."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, फोन जरा त्या निळ्या फरशीजवळ ने. मी नेला. बॅटरी संपेपर्यंत तसाच धरून उभा राहिलो. राखणदार गेट बंद करायला आला, माझ्याकडे बघून दखनीत म्हणाला, "घर का फोन है क्या?"

मी हो म्हटलं.