निंगबोत रेंज फुल होती

चीनमध्ये इंटरनेट चालत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. चालतं, आणि झकास चालतं. लिफ्टमध्ये, जमिनीखालच्या मेट्रोत, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या रेल्वेत फोनवरच्या काड्या भरलेल्याच असतात. रस्त्याकडेची भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड लावून बसलेली असते. फक्त त्या इंटरनेटवरून आपलं घर लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, यूट्यूब, इन्स्टाग्राम, गूगलचं जे जे म्हणून आपण दिवसभर वापरतो ते, यातलं काहीही उघडत नाही. फेसबुक तिथे 2009 पासून बंद आहे. गूगलने 2010 मध्ये आपलं सर्च तिथून हाँगकाँगला हलवलं. 2017 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपही गेलं. हे सगळं वाचून माहीत असणं वेगळं आणि रात्री हॉटेलच्या खोलीत बसून घरी ‘पोचलो’ एवढं कळवता न येणं वेगळं.

मी चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमचं काम बघतो. गाड्यांच्या दिव्यांची हाउसिंग, क्लिपा, कव्हरं, अशी प्लास्टिकची कामं. इंजेक्शन मोल्डिंगची मशीनं आणि मोल्ड यांचं चीनमधलं एक मोठं ठाणं म्हणजे झेजियांग प्रांतातलं निंगबो हे बंदर. शांघायच्या दक्षिणेला, हांगझौच्या उपसागरापलीकडे. मोल्ड जहाजात चढवण्याआधी त्याची ट्रायल तिथेच घ्यायची, पार्ट मापात बसला तर पास करायचा, नाही तर समोर उभं राहून दुरुस्त करून घ्यायचा, यासाठी आमच्यासारख्यांचं तिथे जाणं होतं. 2020 मध्ये बंद पडलेली दोन देशांमधली थेट विमानं 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. आम्ही गेलो ते त्याच्या आधी, बँकॉकमार्गे.

माझ्याबरोबर आमचा एक फिटर होता. मूळचा माजलगावचा, आयटीआय झालेला, हाताने अतिशय सफाईदार. पॉलिशिंगला बसला की त्याच्या कामावर बोट ठेवायला जागा सापडत नाही. त्याचा हा पहिलाच विमानप्रवास. बायको बाळंतपणासाठी परळीला माहेरी गेलेली. मुलगी झाली होती, पण व्हिसा, तिकिटं आणि ट्रायलची तारीख सगळं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे लेकीला जेमतेम पाहून तो निघाला होता.

निघण्याआधी आमच्या प्लँट हेडनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका. आपल्या सिमचं रोमिंग इथूनच चालू करून जा.” ते स्वतः अनेकदा जाऊन आलेले. मी तसंच केलं, आणि पॅकचे पैसे कंपनीने दिले. फिटरला मात्र रोमिंग मिळालं नाही. प्रवासखर्चाच्या नियमात ते एका ठरावीक ग्रेडच्या वरच्यांनाच होतं. विचारल्यावर उत्तर आलं, की हॉटेलात फुकट वायफाय आहे ना!

वायफाय होतंच. पहिल्या रात्री तो माझ्या खोलीत आला तेव्हा त्याच्या फोनवर वायफायची खूण ठळक दिसत होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रत्येक मेसेजपुढे ते बारकं घड्याळ. दोन टिका सोडा, एकही टिक नाही. ‘पोचलो’, ‘हॅलो’, ‘दिसतंय का’, पुन्हा ‘पोचलो’. सगळे तसेच रांगेत अडकलेले. फोन त्याने बंद-चालू करून पाहिला होता, सिम काढून पुसून घातलं होतं. “सर, माझाच फोन बिघडलाय का?” त्याच्या आवाजात रडू होतं असं नाही, पण फार लांब नव्हतं. तिकडे परळीत सगळे जागे असणार. आपल्यापेक्षा निंगबोचं घड्याळ अडीच तास पुढे.

मी हॉटस्पॉट चालू केला आणि पासवर्ड त्याला टाइप करून दिला. घड्याळं एकेक करून गेली, टिका उमटल्या, आणि पाठोपाठ तिकडचे साठलेले मेसेज धडाधड आदळायला लागले. तो खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होता. पोचलो. जेवलो. तू जेवलीस का? ती झोपलीय का? दाखव ना. एवढंच. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

एकाच खोलीतले दोन फोन. एकावर घर लागतं, दुसऱ्यावर लागत नाही. असं का, हे मी त्याला त्या रात्री समजावून सांगितलं, कारण त्याला वाटत होतं की माझा फोन महागडा म्हणून चालतोय. फोनचा काही संबंध नाही. हॉटेलच्या वायफायवरून निघालेला डेटा चीनमधूनच बाहेरच्या इंटरनेटकडे जायला बघतो आणि सरकारी गाळणीत अडकतो. रोमिंगचा डेटा वेगळ्या वाटेने जातो. टॉवर तिथल्याच कंपनीचा असतो, पण आपला डेटा तिथे खुला होत नाही. तो बांधलेल्या पाकिटासारखा थेट भारतातल्या आपल्या मोबाइल कंपनीच्या गेटवेपर्यंत आणला जातो आणि तिथून इंटरनेटवर सोडला जातो. म्हणजे इंटरनेटच्या लेखी आपण भारतातच बसलेलो असतो. पडताळा पाहायचा म्हणून मी आपलं ठिकाण दाखवणारी एक साइट उघडली, तर तिने मला भारतात दाखवलं. बातम्यांच्या पानावर वाकड-मोशीच्या फ्लॅटच्या जाहिराती येत होत्या. बाहेर रस्त्यावर पाट्या सगळ्या चिनी.

या लांबच्या फेऱ्यामुळे वेग थोडा मार खातो. व्हिडिओ मधेच थिजतो, बोलणं एकमेकांवर आदळतं. पण घर लागतं. हाँगकाँग किंवा सिंगापूरच्या कंपन्यांची काही ई-सिमं प्रवाशांसाठी मिळतात, त्यांचा डेटाही असाच चीनबाहेर जाऊन खुला होतो, तोही एक मार्ग आहे. व्हीपीएनच्या वाटेला मी गेलो नाही. विनापरवाना व्हीपीएन तिथल्या कायद्यात बसत नाही, आणि परक्या देशात कामाला गेलेल्या माणसाने ती जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढ्याने भागलं असतं तर बरं होतं. पण घरासाठी जे इंटरनेट लागतं त्याने तिथला दिवस निघत नाही. नोटा घेतात, पण सुटे पैसे शोधताना दुकानदाराची तारांबळ उडते, कारण सगळं अलीपे आणि वीचॅटवर चालतं. टॅक्सी तशीच बोलवायची, कित्येक हॉटेलांत जेवणही टेबलावरचा कोड स्कॅन करूनच मागवायचं. आपलं यूपीआय सिंगापुरात, यूएईत चालतं, चीनमध्ये नाही. आणि वीचॅट हे भारताने 29 जून 2020 रोजी बंदी घातलेल्या 59 अ‍ॅप्सपैकी एक. भारतीय नंबरवर त्याचं खातं निघत नाही. म्हणून मी तिथल्या मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन एक स्थानिक सिम घेतलं. पासपोर्ट दाखवायचा, कॅमेऱ्यासमोर उभं राहून चेहरा स्कॅन करून घ्यायचा. डिसेंबर 2019 पासून नव्या सिमला तो नियमच आहे. मग मोल्डवाल्या कंपनीतल्या आमच्या सोबत्याने वीचॅट घालून दिलं आणि खात्याची खात्री पटवायला स्वतःच्या फोनवरून कोड स्कॅन केला. ओळखीचा जुना वापरकर्ता असल्याशिवाय पुढे सरकता येत नव्हतं. परत निघताना ते अ‍ॅप मी काढून टाकलं.

अलीपेला 2023 पासून परदेशी क्रेडिट कार्डं नीट जोडता येतात. पण कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी येतो, आणि तो येतो पुण्याच्या नंबरवर. तेव्हा भारतीय सिम एक मिनिटही काढून ठेवायचं नाही. त्याच्यावरचा डेटा बंद असला तरी चालेल, एसएमएस येत राहतो. कार्डावरचे परदेशी व्यवहार निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून ठेवावे लागतात, नाही तर ओटीपी येऊनही पैसे जात नाहीत.

तर अशी फोनमध्ये दोन सिमं. बाहेर पडताना डेटा चिनी सिमवर, संध्याकाळी खोलीत आलं की डेटा भारतीय सिमवर. फोनच्या सेटिंगमधली ती एक कळ मी दिवसातून कितीदा फिरवली असेन! दोन सिमं आपसांत डेटा आपोआप बदलतात ती सोय मुद्दाम बंद ठेवायची, नाही तर रोमिंगचा दिवसाचा वेगवान कोटा नकाशातच संपून जातो.

नकाशाचीही एक गंमत आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे नकाशे ठरावीक पद्धतीने मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर काढावे लागतात, आणि आपल्या फोनचा जीपीएस खरं ठिकाण सांगतो. दोहोंचा मेळ बसत नाही, काही शे मीटरचा फरक पडतो. निंगबोत युयाओ आणि फेंगहुआ या नद्या मिळून योंग नदी होते. त्या संगमाजवळच्या जुन्या धक्क्यावर आम्ही कोरड्या फरशीवर उभे होतो आणि गूगलच्या नकाशावरचा आमचा निळा ठिपका थेट नदीच्या पात्रात. फिटरने तो फोटो काढून घरी पाठवला. तिथलं अमॅप वापरलं तर ठिपका जागेवर येतो.

कामाचं सांगायचं तर आमची ड्रॉइंगं सगळी गूगल ड्राइव्हवर. ट्रायलच्या दिवशी एका क्लिपचं माप दशांशाने हुकत होतं, आणि आधीच्या मोल्डची तीच जागा कशी ठेवली होती ते बघायचं होतं. त्यांच्या कारखान्याचं वायफाय उत्तम, पण ड्राइव्ह त्यावर उघडणार नाही. तेव्हाही कामाला आलं ते भारतीय रोमिंगच. ज्याला ग्रेडची चैन म्हणून नियमात बसवलं होतं, त्याच्यावर त्या दिवशी मोल्ड पास झाला.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र बारशाची. परळीला मुलीचं बारसं ठरलं ते नेमकं कामाच्या दिवशी. तिकडे सकाळचे अकरा, म्हणजे इकडे दीड, जेवणाची सुट्टी संपून मशीन पुन्हा सुरू होण्याची वेळ. मी त्यांच्या सुपरवायझरला भाषांतराच्या अ‍ॅपवर चार ओळी लिहून दाखवल्या. चिनी भाषेचं ऑफलाइन पॅक मी पुण्यातूनच उतरवून नेलं होतं. त्याने वाचलं, घड्याळ पाहिलं आणि मशीन थांबवायची खूण केली.

तयार मालाच्या क्रेट रचलेल्या होत्या, तिथे जरा शांतता होती. फिटरने फोन क्रेटला टेकवून उभा केला, मी शेजारी हॉटस्पॉट धरून. पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं, मग एक गजरा, मग पाळणा. साडीचा काठ लावून सजवलेला, वर कागदी फुलं. बायका ओळीने उभ्या. त्याच्या आईने फोन हातात घेतला आणि पाळण्याच्या आत नेला. मुलगी टक्क जागी होती. तो काही बोलला नाही. हात ग्रीसचे होते म्हणून त्याने ते मागे धरले होते, जणू पडद्याला हात लागून तिला डाग पडेल.

आत्या कानात नाव सांगायला वाकली आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. पाठोपाठ आवाजही गेला. मी फोन उंच धरला, दाराकडे गेलो, परत आलो. पुन्हा लागलं तेव्हा पाठीवर धपाटे घालून झाले होते आणि बायका हसत होत्या. “मला ऐकूच नाही आलं,” तो म्हणाला. तेव्हा त्याच्या बहिणीने फोन तोंडाजवळ धरून ते नाव मोठ्याने, एकेक अक्षर तोडून सांगितलं. मशीनवरची बाई काय चाललंय ते बघायला केव्हाची येऊन मागे थांबली होती. तिने कुणालाही न विचारता स्वतःचा फोन काढला आणि तिच्या मुलाचा फोटो त्याला दाखवला.

त्या कॉलमध्ये दिवसाचा बहुतेक कोटा संपला आणि संध्याकाळी माझं घरचं बोलणं तुटक तुटक झालं. बायकोला कारण सांगितलं तर म्हणाली, “उद्या बोलू की, त्यात काय.”

परत आल्यावर मी एचआरला लेखी दिलं, की चीनला जाणाऱ्या प्रत्येकाला, ग्रेड न बघता, भारतीय सिमचं रोमिंग कंपनीने द्यावं. निर्णय अजून झालेला नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथून मशीन बघायला, ट्रेनिंगला, ट्रायलला जाणाऱ्यांत आता साहेबांबरोबर फिटर, ऑपरेटर आणि मेंटेनन्सची मुलंही असतात. एका मोल्डच्या किमतीपुढे, एका विमानाच्या तिकिटापुढे रोमिंगची रक्कम किरकोळ आहे. ज्यांच्या हातात असे प्रवास मंजूर करणं आहे त्यांना माझी विनंती आहे: तिकीट काढाल तेव्हाच त्या मुलाच्या नंबरवर रोमिंगही चालू करून द्या. आणि हॉटेलात वायफाय आहे, हे कारण चीनच्या बाबतीत कृपया देऊ नका.