पाठ बघायला हवी

म्हाताऱ्या माणसाच्या छळाचं आपल्या मनातलं चित्र बरंचसं रंगभूमीवरून आलेलं आहे. 1970 साली 'नटसम्राट' रंगमंचावर आलं, अप्पा बेलवलकरांवर पोटच्या मुलीच्या घरी चोरीचा आळ आला आणि सबंध महाराष्ट्र रडला. तेव्हापासून आपण मोठ्या प्रसंगाचीच वाट बघतो. कुणी ओरडेल, कुणी हात उगारेल. हेळसांडीला मात्र संवाद नसतात. ती पायाच्या नखांत वाढते. चष्मा कपाटात, कवळी डबीत, कानातल्या मशीनचा सेल कधीचा संपलेला. माणूस पलंगावर असतो. त्याचं बघणं, चावणं, ऐकणं मात्र कुणीतरी आवरून ठेवलेलं असतं.

आत्याला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. तिला मूलबाळ नाही. आम्ही भाचरं वर्गणी काढतो आणि शहराबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये तिची सोय केली आहे. भेटीची वेळ चार ते सहा. त्या वेळात सगळं झकास: फिनाइलनं पुसलेली फरशी, ताणून बसवलेली चादर, आत्याच्या मानेवर पावडरचा थर. जन्मात तिनं पावडर लावली नव्हती. एकदा गेलो तर तिची वेणी नव्हती. "विंचरायला सोपं पडतं हो," मावशी म्हणाल्या. (तिथं राबणाऱ्या सगळ्या मावशी आणि पलंगावरच्या सगळ्या आजी.) आत्याला विचारलं होतं का, या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलं. कुणी मारलं नव्हतं, कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. शाळेत असल्यापासून तेल घालून वाढवलेली वेणी तेवढी सोयीसाठी कापली होती.

त्यानंतर मी नीट बघू लागलो. पाण्याचा ग्लास भरलेला, वर झाकण, आणि पलंगाच्या उजव्या अंगाला. उजवा हात तर उचलतच नाही! बोलवायच्या बेलची वायर खिळ्याला गुंडाळलेली. आत्याची जीभ कोरडी, ओठांच्या कडांना चिरा. दुपारनंतर पाणी हात आखडूनच द्यायचं, म्हणजे रात्री डायपर कमी बदलावे लागतात, हे मला पुढं तिथल्याच एका मावशींनी सांगितलं. अगदी सहज, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं.

ओळखीतली एक नर्स म्हणाली, "चेहरा काय बघत बसता? पाठ बघा." माकडहाड, खुबे, टाचा. लाल डाग बोटानं दाबायचा. फिका पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर तिथं जखमेची सुरुवात झालेली असते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून हात लावून बघायचं, जागा गरम लागते का, टणक लागते का. कूस दर दोन तासांनी बदलायची हा जुना ठोकताळा. तो पाळला नाही तर ही जखम हाडापर्यंत जाऊ शकते, आणि वरून पावडर असते.

जांभळ्या डागांचं मात्र उलटं आहे. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. हातावर डाग नुसत्या धक्क्यानंही उमटतात. त्यावरून लगेच कुणाला चोर ठरवू नये. अमेरिकेत लॉरा मॉस्केडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातानं पडलेले असे डाग रोजच्या रोज तपासले. 2005 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सुमारे 90 टक्के डाग हातापायांवर होते. मानेवर, कानांवर, ढुंगणावर, तळपायांवर एकही नव्हता. म्हणजे डाग कुठं आहे हे बघायचं. रंगावरून तो किती दिवसांचा ते ठरवता येत नाही, हेही त्यातच कळलं.

या खुणा निदान दिसतात तरी. "कशी आहेस?" असं विचारलं की आत्या आधी दाराकडे बघते आणि मग "छान" म्हणते. ती खोटं बोलत नाही. आपण सहाला निघून जाणार आणि रात्री दोनला कूस बदलणारे हात मावशींचेच असणार, हा तिचा हिशेब आहे. दिवसभर झोपलेल्या माणसाबद्दल "आजी फार शांत आहेत" असं कौतुकानं सांगतात, तेव्हा मी हल्ली गोळ्यांचा कागद मागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत, संस्थांमध्ये काम करणाऱ्या दर तिघांतल्या दोघांनी वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी गैरवर्तन घडल्याचं स्वतःच सांगितलं आहे. हे सगळे दुष्ट असतील असं मला वाटत नाही. रात्री एका मजल्यावर एकटी बाई, बारा तासांची ड्यूटी, पगारातून ब्युरोचं कमिशन. पण तिची दमणूक आत्याच्या पाठीवर का उमटावी? आम्ही भरतो त्या पैशांत दुसरी बाई बसायला हवी.

2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांचं, ज्याच्यावर देखभालीची जबाबदारी आहे त्यानं म्हाताऱ्या माणसाला कुठंतरी सोडून दिलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइनही आहे. आत्याच्या पलंगापाशी फोनच नाही. कायद्यानं सोडून जाणं नेमकं टिपलं आहे. पैसे भरून, पावती घेऊन, दर रविवारी सफरचंदं आणूनही माणूस कसा टाकला जातो, ते त्याला कसं दिसावं?

एका मंगळवारी दुपारी दीडला, न कळवता गेलो. पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता लटकत होता. दोन, चार, सहा, आठ. रात्री आठपर्यंतच्या सगळ्या चौकटींत एकाच पेनानं सह्या. मी मोबाइलवर फोटो काढला आणि ऑफिसात नेऊन दाखवला. मॅनेजर ओशाळले नाहीत. खुर्ची पुढं सरकवून म्हणाले, "सर, येताना आधी फोन करत जा, म्हणजे आम्हालाही सोयीचं पडेल."

"नाही करणार," मी म्हटलं. तक्ता नव्यानं लिहून घेतला, ग्लास डावीकडे ठेवायला लावला, बेलची वायर खिळ्यावरून सोडवली. भाचरांच्या ग्रुपवर आता पाळ्या लागल्या आहेत. कुणी सकाळी साडेसहाला जातं, कुणी रात्री जेवणं झाल्यावर. चार ते सहाच्या वेळात सध्या कुणी जात नाही.