दोन पंचांगांचे घर

वाराणसीच्या दुर्गाघाटाकडे आणि ब्रह्माघाटाकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांमध्ये अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला ही घरे शेजारच्या घरांसारखीच वाटतात. तोच दगडी जोता, तेच जड लाकडी दार, तीच उंबऱ्यापर्यंत आलेली गल्लीची वर्दळ. त्यांचे वेगळेपण जाणवते ते आषाढी पौर्णिमा उलटल्यावर. दुसऱ्याच दिवशी गल्लीत श्रावण सुरू होतो. खांद्यावर कावड घेतलेले यात्रेकरू ‘बोल बम’चा घोष करीत विश्वनाथाकडे निघतात. मराठी घरात मात्र अजून आषाढच असतो. तिथला श्रावण यायला आणखी पंधरा दिवस असतात.

यामागे कालगणनेतला एक साधा फरक आहे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात तो अमावास्येला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे एकच महिना असतो आणि कृष्ण पक्ष आला की महिन्यांची नावे वेगळी होतात. महाशिवरात्रीची रात्र तीच, पण मराठी पंचांगात ती माघातली आणि काशीच्या पंचांगात फाल्गुनातली. राखीपौर्णिमेला गल्लीतला श्रावण संपतो, तेव्हा मराठी घरातला श्रावण निम्म्यावर आलेला असतो. श्रावणी सोमवारचा उपवास करणाऱ्या सुनेला शेजारीण विचारते, “तुमचा उपवास अजून चालूच आहे का?” सून हसून म्हणते, “आमच्याकडे आत्ता कुठे अर्धा श्रावण झाला आहे.” दूरदेशी राहणाऱ्या माणसाचे जगणे असेच असते. त्याच्या घरात दोन पंचांगे असतात आणि दोन्हींवर नजर ठेवून त्याला दिवस काढावे लागतात.

आज मुंबईहून निघालेली महानगरी एक्सप्रेस सुमारे पंधराशे किलोमीटरचे अंतर कापून एका दिवसाहून थोड्या अधिक वेळात वाराणसीला पोहोचते. रेल्वे नव्हती तेव्हा काशीला जाणे म्हणजे परदेशी जाणेच होते. महिनोन्‌महिने चालावे लागे, राज्यामागून राज्ये ओलांडावी लागत आणि परत येण्याची खात्री नसे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत अडकले. त्यांनी लुटालूट सोसली, लढाई डोळ्यांनी पाहिली आणि तरीही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात ही सारी हकिकत आहे. गोडसे परतले, कित्येक मात्र तिकडेच राहिले.

तिकडे राहिलेल्यांत पैठणचे एक भट्ट घराणे होते. सोळाव्या शतकात ते काशीत स्थिरावले. या घराण्यातल्या नारायणभट्टांच्या पुढाकाराने विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधु’ हा ग्रंथ पूर्ण केला. कोणते व्रत कोणत्या तिथीला करावे, याच्या निर्णयासाठी महाराष्ट्रात पुढे शेकडो वर्षे तो उघडला गेला. नारायणभट्टांचे पणतू गागाभट्ट 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. महाराष्ट्र सोडून चार पिढ्या लोटल्या होत्या, तरी या घराण्याची गावाकडची वाट बुजली नव्हती.

पुढे मराठी सरदारांनी आणि राजघराण्यांनी काशीचा नदीकाठ बांधून काढला. नारायणभट्टांच्या काळचे विश्वेश्वराचे मंदिर 1669 मध्ये पाडले गेले होते. सध्याचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास बांधले. नागपूरच्या भोसल्यांचा घाट आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा घाट आजही त्यांच्याच नावांनी ओळखला जातो. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्मही काशीतलाच. त्यांचे वडील मोरोपंत तांबे तेथे चिमाजी आप्पांच्या पदरी होते. दगडात कोरलेला हा इतिहास यात्रेकरूंना दिसतो. उंबरठ्याच्या आतला इतिहास मात्र दिसत नाही, कारण तो रोजच्या स्वयंपाकात, सणावारात आणि बोलण्यात विखुरलेला असतो.

अशा घरातली सकाळ काशीची असते. कोपऱ्यावरच्या दुकानातून कचोरी आणि जिलबी येते. हिवाळ्यात दुधाच्या फेसाचा हलका, केशरी मलइयो येतो. दुपारच्या ताटात मात्र वरण-भात असतो आणि आमटीत गावाकडून आलेला गोडा मसाला पडतो. कोकणातून कोणी येणार असल्याचे कळले की आमसुलांचा निरोप आधी जातो. उन्हाळ्यात एक वाद हमखास होतो. मुले लंगड्या आंब्याची बाजू घेतात, आजोबा हापूसची. आजोबांनी आयुष्यभरात लंगडाच अधिक खाल्लेला असतो, पण त्यामुळे त्यांचे मत बदलत नाही. चैत्रात गच्चीवर गुढी उभी राहते. भाद्रपदात गणपती येतो आणि आरतीच्या वेळी शेजारची मुलेही टाळ्या वाजवायला येऊन बसतात. त्यांना शब्द कळत नाहीत, चाल मात्र तोंडपाठ झालेली असते.

खरी कसोटी भाषेची असते. शाळेत हिंदी, बाजारात भोजपुरीच्या वळणाची बनारसी बोली आणि घरात मराठी, अशा तीन प्रवाहांत मुलाला पोहावे लागते. शब्द सारखे असले की गोंधळ अधिकच वाढतो. शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, घरी ‘शिक्षा’ म्हणजे दंड. शाळेत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, घरी चेष्टा म्हणजे थट्टा. बाहेर ‘खाली’ म्हणजे रिकामे, घरी खाली म्हणजे जमिनीकडे. गुरुजींनी चेष्टा करायला सांगितली आहे, असे नातवाने घरी येऊन म्हटले की आजीला हसू आवरत नाही.

लिपी एकच असल्याने या मुलांना मराठी वाचता येते. ती अडतात ‘ळ’पाशी. रोजच्या हिंदीत हे अक्षर नाही. म्हणून ‘सकाळ’ची ‘सकाल’ होते, ‘केळे’ ‘केले’ होते आणि ‘डोळे’ ‘डोले’ होतात. आजी चुकीचा शब्द पुन्हा म्हणायला लावते. मूल कंटाळते, पळून जाते. आजी रागावत नाही. पण तिच्या मनात एक धास्ती असते. पुढच्या पिढीत ही मराठी देवघरापुरती, आरतीपुरती उरेल आणि मग तीही केवळ पाठ म्हटली जाईल, असे तिला वाटते. ही धास्ती खोटी नाही. मुलगा भांडतो हिंदीत, स्वप्ने हिंदीत पाहतो आणि आजीशी तेवढे मराठीत बोलतो. आजी गेल्यावर तो कोणाशी बोलणार, हा प्रश्न घरात कोणी उघड विचारत नाही.

हा प्रश्न केवळ जुन्या शास्त्री-पंडितांच्या घरांपुरता नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी हे तालुके वर्षानुवर्षे दुष्काळाने गांजलेले होते. तिथले अनेक तरुण घर सोडून गलाईच्या धंद्यात शिरले. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून देण्याचे काम. देशातल्या गावोगावच्या सराफ बाजारांत हे कारागीर पोहोचले. वाराणसीच्या बाजारातही त्यांच्या भट्ट्या पेटल्या. भट्टीच्या धगीपुढे दिवस घालवायचा, आम्लाच्या वाफा सोसायच्या, ग्राहकाशी त्याच्या बोलीत बोलायचे आणि गावच्या जत्रेसाठी वर्षातून एकदा परतायचे, हा त्यांचा क्रम. परमुलखात सोन्यासारखी वस्तू लोक त्यांच्या हाती विश्वासाने देतात. हा विश्वास वर्षानुवर्षांच्या चोख कामाने मिळवावा लागतो. त्यांच्या मुलांनाही जत्रेत आजोबांपुढे उभे राहिल्यावर शब्द शोधावे लागतात.

मग परमुलखात राहणाऱ्याने दार लावून घ्यावे काय? आपले ते जपण्यासाठी बाहेरचे नाकारावे काय? याचे उत्तर काशीतल्याच एका मराठी माणसाच्या आयुष्यात सापडते. बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म 1883 मध्ये काशीत, महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबात झाला. घरची भाषा मराठी होती. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर हे बंगालमध्ये वाढलेले मराठी गृहस्थ. इंग्रजी राजवटीने चालवलेली देशाची लूट उघड करणारे ‘देशेर कथा’ हे पुस्तक त्यांनी 1904 मध्ये बंगालीत लिहिले. भाच्याने ते हिंदीत आणले. बंगालीत लिहिणारा मामा आणि हिंदीत लिहिणारा भाचा, दोघेही मराठी घरातले. दोघांनीही, ज्या लोकांमध्ये ते राहत होते, त्यांच्याच भाषेत देशाचे दुःख मांडले.

पराडकरांनी कोलकात्यात हिंदी पत्रांत काम केले. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून 1916 मध्ये त्यांना अटक झाली. सुटका 1920 मध्ये झाली. त्याच वर्षी शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत ‘आज’ हे दैनिक सुरू केले. पराडकर त्यात आले आणि पुढे त्याचे संपादक झाले. 1930 च्या सत्याग्रहात सरकारने वृत्तपत्रांची गळचेपी केली, तेव्हा काशीतून ‘रणभेरी’ हे गुप्त पत्र निघू लागले. त्यामागेही पराडकर होते. हिंदी वृत्तपत्रांना नव्या काळाचे शब्द हवे होते. पराडकरांनी ते घडवले किंवा रुळवले. ‘राष्ट्रपती’ या शब्दाच्या प्रचाराचे आणि नावामागे ‘श्री’ लावण्याच्या प्रथेचे श्रेय हिंदी पत्रकारितेत त्यांनाच दिले जाते. 1955 मध्ये त्यांचे काशीतच निधन झाले. त्या शहरातल्या पराडकर स्मृती भवनात आजही पत्रकार जमतात.

त्याच परंपरेतले लक्ष्मण नारायण गर्दे हे हिंदीचे दुसरे नामवंत मराठी संपादक. त्यांनी ल. रा. पांगारकरांची संतचरित्रे हिंदीत आणली. त्यामुळे देहूचे तुकोबा आणि पैठणचे नाथ उत्तरेतल्या असंख्य घरांत पोहोचले. गर्दे यांच्या घरात मराठी नसती, तर हे घडले नसते. आणि ती केवळ घरातच कोंडून राहिली असती, तरीही घडले नसते. आपली भाषा येणे आणि परक्याची भाषा आपली करणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असल्या की तो दोन प्रांतांमधला पूल होतो. पुलाला दोन्ही काठांवर पाय रोवावे लागतात.

आज मराठी माणूस काशीच्या कितीतरी पलीकडे गेला आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून चालू आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये स्थापन झाले. तिथेही बॅगेतून गोडा मसाला जातो, गणपती बसतात, सुटीच्या दिवशी मराठीचे वर्ग भरतात आणि ‘ळ’ म्हणायला शिकवणाऱ्या आज्या दूरध्वनीच्या पडद्यावरून नातवंडांचे उच्चार सुधारतात. काशीच्या घरांनी जो प्रश्न शतकानुशतके सोसला, तोच आता न्यू जर्सीतल्या घरांपुढे आहे. काशीच्या अनुभवावरून त्यांना एवढे कळू शकते की हा प्रश्न एका पिढीने सुटत नाही. प्रत्येक पिढीला तो आपल्यापुरता नव्याने सोडवावा लागतो, आणि काही घरांना तो सुटतही नाही.

संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली मराठी टीका 1573 मध्ये काशीत पूर्ण केली. संस्कृत विद्येच्या त्या माहेरघरात मराठीत धर्मग्रंथ लिहिल्याबद्दल पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि शेवटी त्याच पंडितांनी ग्रंथाचा गौरव केला, असे परंपरा सांगते. ग्रंथ पूर्ण झाला तो दिवस कार्तिकी पौर्णिमेचा होता. आज त्या तिथीला काशीत देवदिवाळी असते. पंचगंगा घाटावर अहिल्याबाईंनी उभारलेला दगडी दीपस्तंभ शेकडो पणत्यांनी उजळतो. सगळा नदीकाठ दिव्यांनी भरून जातो.

दुर्गाघाटावरची आजी त्या संध्याकाळी नातवाचा हात धरून पायऱ्या उतरते. तो द्रोणात दिवा ठेवून पाण्यात सोडतो आणि ओरडतो, “आजी, बघ, माझा दिवा सगळ्यांच्या पुढे पळाला!” ‘पळाला’ हा शब्द तो नेमका उच्चारतो. आजी काही बोलत नाही, फक्त त्याचा हात जरा घट्ट धरते. त्या रात्री मराठी पंचांगात कार्तिक असतो आणि काशीच्या पंचांगातही कार्तिकच असतो.