परीक्षा कुणाची?

आमच्या पतसंस्थेत नवा डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आला. त्याची परीक्षा घ्यायला आम्ही बसलो. प्रमाणपत्रं पाहिली, दोन-चार कमांड विचारल्या. मुलगा अडखळला. आम्ही मनातल्या मनात गुण कापले.

मग त्यानंच विचारलं, "साहेब, बॅकअप परत चढवून शेवटचा कधी पाहिलात?"

आम्ही गप्प. बॅकअप रोज व्हायचा. तपासला कुणीच नव्हता. २०१७ साली गिटलॅबमध्ये चुकून डेटा पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच सोयींपैकी एकही धड चालली नव्हती. सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवर निभावलं.

त्यानं त्याच रात्री दुसऱ्या सर्व्हरवर आमचा बॅकअप चढवला. फाईल अर्धवट निघाली. हातगाडीवाल्यांच्या, विडी वळणाऱ्या बायांच्या ठेवींचा हिशोब आम्ही तिच्या भरवशावर ठेवला होता.

आम्ही कापलेले गुण मुकाट्यानं परत दिले.